हौसाची मूठ

पनवेल, १२ जानेवारी १९९४

प्रिय चारुदत्त,

उरणच्या शाळेत तू माझ्या वर्गात होतास, तेव्हा उत्तर बरोबर असलं तरी रीत लिहिली नाही तर मी अर्धेच गुण द्यायची. तुला फार राग यायचा. आज रागवायची पाळी माझी आहे.

जूनमध्ये तू आमच्या वृद्धाश्रमात आलास. म्हातारपणी माणूस कसकसा खंगत जातो, ते दर सहा महिन्यांनी मोजायचं आहे म्हणालास. मूठ दाबायचं यंत्र, वजनकाटा, आणि पंधरा फूट चालायला किती सेकंद लागतात ते बघायला स्टॉपवॉच. माझं अक्षर चांगलं म्हणून आकडे लिहायचं काम मला दिलंस. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

माझ्या शेजारच्या खाटेवरची हौसा तुला आठवत असेल. करंजाची कोळीण, चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेली. जूनमध्ये सगळ्यांत घट्ट मूठ तिची होती, बावीस किलो. पंधरा फूट ती सात सेकंदांत चालली. डिसेंबरमध्ये तिची मूठ चौदावर आली आणि चालायला सतरा सेकंद लागले. तू तिच्या नावापुढे लिहिलंस, 'वयोमानानुसार झपाट्याने वाढलेली दुर्बलता.'

वय सहा महिन्यांनीच वाढलं होतं रे. मधे काय झालं, ते तू एकालाही विचारलं नाहीस. जुलैत एक बाई अंगणात घसरून पडल्या, तेव्हा व्यवस्थापक प्रभाकररावांनी अंगणाच्या दाराला कुलूप घातलं. माणसं कमी, म्हणून चहा-जेवणही खाटेवरच येऊ लागलं. पाच महिने आम्ही बसून होतो. हौसाने तुला सांगितलंही, "डाक्टर, मना चालता येतंय, पन जाऊ कुठं? दार बंद हाय." तू "हो आजी" म्हणालास आणि पान उलटलंस. मी वही धरून बाजूलाच उभी होते. मीही नुसता आकडा लिहिला.

तू गेल्यावर तिचा हात धरून मी तिला दोन्ही वेळा खाटांच्या मधल्या जागेत चालवायला लागले. पहिल्या दिवशी एका फेरीतच ती खाटेवर टेकली. तीन आठवड्यांनी, माझ्या मनगटी घड्याळात बघून सांगते, तेवढंच अंतर ती अकरा सेकंदांत चालली. हसत हसत खाटेवर बसली आणि म्हणाली, उद्या पुन्हा.

परवा सोमवारी प्रभाकररावांनी तुझ्या अहवालावरून यादी वाचली. ज्यांची मूठ पंधराच्या खाली, त्यांना मागच्या खोलीत हलवायचं. तिथे खाटांना कठडे आहेत, अंगही खाटेवरच पुसतात. मी त्यांना अकरा सेकंदांचं सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टरांच्या कागदाबाहेर मला जाता येत नाही. हौसाने माझं मनगट धरलं. दोन आयांना तिची बोटं सोडवता येईनात. शेवटी मीच म्हटलं, सोड, हौसा. तिने सोडलं. काल भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

आता ज्यासाठी हे लिहिते आहे ते. तुझ्या संमतीपत्रावर कुणी अंगठा द्यायला तयार नव्हतं. मी ते वाचून दाखवलं. हा माझा विद्यार्थी आहे, यात आपलं भलंच आहे, असं सांगितलं. माझ्या शब्दावर सात जणींनी अंगठे दिले. हौसाचा पहिला. शुक्रवारी तू अहवालाच्या कामासाठी येशील तेव्हा आधी मागच्या खोलीत जा आणि तिच्याशेजारी बस. तिला उठवून बाहेर आण. मग तुझ्या हाताने अहवालात दुरुस्ती कर, आणि आम्ही सहा महिने कसे राहिलो ते त्यात लिही. तोवर आमच्यापैकी कुणीही तुझ्या यंत्राला हात लावणार नाही. सगळ्यांशी बोलून झालं आहे.

रागावलेली, पण अजून तुझीच,
अरुंधतीबाई