दहापैकी दहा

साओ पाउलो,
४ मे १९८३

ती. नेस्तोरदादास दाल्वाचा सा. न. वि. वि.

बाबा कधी वेगळं पत्र लिहीत नाहीत. चाळीस वर्षं शाळेत पोर्तुगीज शिकवलेला हा माणूस माझंच पत्र लाल पेन्सिलीने तपासून, दहापैकी गुण देऊन परत पाठवतो. फेब्रुवारीपासून मात्र एकही परत आलेलं नाही. म्हणून मागच्या पत्रात ‘पण’ अर्थाच्या ‘मास’ऐवजी, कानाला जवळपास तसाच लागणारा ‘आणखी’वाला ‘माइस’ मी मुद्दाम पाच ठिकाणी घातला. या चुकीसाठी बाबांनी पाद्रीबाबांनासुद्धा सोडलं नव्हतं! तरी सगळं शांत. तू लिहितोस, घरी ठीक आहे. काही लपवत असशील तर याद राख.

कळावे. लोभ आहेच, संशय फिटला की वाढेल.
दाल्वा

दियामान्तिना,
१५ मे

चि. दाल्वास अ. उ. आ.

लहानपणी चीज-पाव मोजून ठेवायचीस, तो स्वभाव अजून गेला नाही! बाबा ठणठणीत आहेत. चौकात डॉमिनो खेळतात, हरले की भांडतात. टपालात घोळ झाला असणार. तुझं तपासलेलं पत्र सोबत आहे. आता तरी स्वस्थ बस.

वहिनीचे तुला आशीर्वाद. राग नसावा, माया असू दे.
नेस्तोर

साओ पाउलो,
२४ मे

दादा,

मायना मुद्दाम गाळला आहे. पाचपैकी दोनच चुकांना लाल खूण, आणि खाली दहापैकी दहा? बाबांनी जन्मात कुणाला सातच्या वर दिलेत का? लग्नाआधी आईने धाडलेल्या पत्राला साडेसहा दिले होते! ही पेन्सिल तूच चालवलीस. ते पत्र सोबत परत धाडते आहे. बाबा आहेत ना रे? मला फार भीती वाटते. उलट टपाली खरं लिही.

दाल्वा

दियामान्तिना,
२ जून

चि. दाल्वास अनेक आशीर्वाद.

अक्षर नेस्तोरचं, शब्द माझे. फेब्रुवारीपासून मला वाचता येत नाही. दोन्ही डोळे गेले. डॉमिनोचे ठिपके बोटांनी चाचपून खेळतो, तेवढं त्याने खरं लिहिलं. काल तू परत धाडलेलं ते पत्र त्याच्याकडून एकेक अक्षर सुटं करून वाचून घेतलं. अख्खी सकाळ गेली. पाचही चुका सापडल्या. त्याचे दहा रद्द. तुला पाच, त्याला शून्य.

सहावी चूक माझी. तुला कळवायचं नाही, अशी शपथ मीच त्याला घातली होती. ये, लाल पेन्सिल तुझ्या हाती देतो.

तुझे,
बाबा