श्री.च्या पुढची मोकळी जागा

अण्णा,

तुमच्या प्रेसमध्ये आता अक्षरांचे खिळे नाहीत. लग्नपत्रिका मी कॉम्प्युटरवर जुळवते. प्रत्येक नावासाठी एक मॅक्रो, म्हणजे नाव येऊन बसायची जागा. अट अशी घातली आहे, की वडिलांचा मॅक्रो रिकामा असेल तर ती ओळच गाळायची आणि आईची ओळ वर घ्यायची. ही अट तुमचीच. तुम्ही ती हातांनी पाळायचात, एवढाच फरक.

नववीच्या सुट्टीत एका बाईंनी मुलीच्या पत्रिकेसाठी वडिलांचं नाव दिलं नव्हतं, म्हणून मी ती ओळ काढली आणि जागा तशीच सोडून दिली. तुम्ही चष्मा कपाळावर चढवता, माझ्याकडे न बघताच म्हणता, "ओळ काढली ती दिसायला नको. बाईला चारचौघांत मान खाली घालावी लागंल." मग बाहेर बाकावर बसलेल्या त्या बाईंजवळ जाऊन हळूच विचारता, नाव नकोय की सांगायचं राहिलंय. परत येऊन ओळींमधल्या शिशाच्या पट्ट्या एकेक हलवत सगळी पत्रिका नव्याने बसवता. पुढे कॉलेजात बरंच शिकले, पण इतकं नीट काही नाही.

परवा पेडगावच्या एक बाई छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा परत घेऊन आल्या. नवरा कधीच सोडून गेलेला, मुलीला त्यांनी एकटीनं वाढवलं. गावात वाटायच्या आधी पहिली पत्रिका देवापुढे ठेवताना त्यांना दिसलं: वर "श्री." आणि पुढे कोरी जागा. तिथे बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, हितं कुणाची वाट बघायलात तुमी?"

माहिती भरताना माझ्याकडून वडिलांच्या रकान्यात एक स्पेस पडली होती. डोळ्यांना रिकामं, कॉम्प्युटरला भरलेलं. म्हणून ओळ गळली नाही. आता आधी स्पेस काढून मगच अट तपासली जाते. त्याच दुपारी पत्रिका पुन्हा छापून दिल्या. आईचं नाव वर, मधोमध. बाईंनी ते दोनदा वाचलं.

मशीनची चूक झाली, असं मी त्यांना सांगितलं. "मशीनला काय कळतंय," म्हणून त्या हसल्या.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. छापायच्या आधी प्रूफमध्ये ती जागा मला दिसली होती, अण्णा. फोन करून विचारायला मला अवघड वाटलं.