चंद्री म्हैस आणि माझी केस स्टडी

२ जानेवारी, गुरुवार
घरी पोचलो. पाथर्डीपासून जीपला मागं लटकत. आत ऐसपैस बसलेल्या एकानं विचारलं, कॉलेजात काय शिकतो? ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज, एमएस्सी. म्हंजी काय? म्हणालो, कुटुंब. तर म्हणतो, घरी न्हाई का? सगळी जीप हसली. ह्यापुढे जीपमध्ये कुणाशी बोलायचं नाही.

महिनाभर एका कुटुंबाची केस स्टडी करायची आहे. फक्त निरीक्षण. ढवळाढवळ करायची नाही, असं मॅडमनी वर्गात पुन्हा पुन्हा सांगितलं, तेही माझ्याकडे बघून. वर्गात मी एकटा मुलगा, म्हणून हा आकस. मी आमचंच घर निवडलं. अल्मास राहुरीतलं कुठलंसं घर बघणार आहे. बघू दे. दर वेळी तीच पहिली येते. ह्या वेळी नाही.

४ जानेवारी
घराची अवस्था भयानक आहे. इतकी वर्षं इथं राहून लक्षात कसं आलं नाही, कळत नाही. आई आणि पुष्पाकाकू बारा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. काकूच्या भावाच्या लग्नात आईला आहेरात हलकी साडी दिली, तेवढंच कारण. चूल एक, अंगण एक, आणि अबोला. जे काही बोलायचं ते दोघी चंद्रीला बोलतात. चंद्री म्हणजे अंगणातली म्हैस.

आज आई शेण काढताना चंद्रीला म्हणाली की लाईट पहाटंच येनार हाय, कुनाला दळान टाकायचं असलं तर टाका. काकूनं चुलीपुढून चंद्रीलाच कळवलं की दळान कालच झालं, पन कुनाचं गुडघं दुखत असलं तर पान्याला जाऊ नये. आई पाण्याला गेली नाही.
वहीत नोंद केली : कम्युनिकेशन शून्य.

७ जानेवारी
वडिलांशी, म्हणजे अण्णांशी बोललो. म्हणाले, चाललंय ते चालू दे. काकूच्या नवऱ्यानं, नानाकाकांनी विचारलं, तुझी परत जायची गाडी कधी हाय? जुन्या पिढीचा बदलाला विरोध. हे पुस्तकात आहेच.

अल्मासला फोन केला. ती म्हणाली, अरे मग त्या बोलतातच की. थिअरीचा गंध नाही आणि म्हणे टॉपर.

१० जानेवारी
निदान झालं. सगळ्या दुखण्याचं मूळ ती म्हैस आहे. म्हैस मधे आहे तोवर दोघी समोरासमोर येणार नाहीत.
प्लॅन : भोगीला चंद्रीला शेतातल्या गोठ्यात हलवायचं. संक्रांतीला अख्खा महाराष्ट्र गोड बोलतो, त्यात ह्या दोघीही बोलतील. मॅडमचा नियमही मोडत नाही. म्हैस कुटुंबात धरत नाहीत.

१३ जानेवारी, भोगी
चंद्रीला नेलं. वाटेत तिनं माझ्या पायावर पाय दिला. मुद्दाम. अंगठा टरारून सुजला.
काकू अंगणात आली, खुंट्याकडं बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आत गेली. आईचंही तेच. भोगीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. चेंज होताना थोडा त्रास व्हायचाच.

१४ जानेवारी, संक्रांत, सकाळ
दोघींना समोरासमोर बसवलं. कसं, ते माझं मला माहीत. नियम समजावला : प्रत्येक वाक्य 'मला वाटतं' असं सुरू करायचं, म्हणजे समोरच्यावर आरोप होत नाही. मधे तिळगुळाचं ताट. अल्मास, बघ आता.

संध्याकाळ
आईनं नियम पाळला. म्हणाली, "मला वाटतं, तू आन तुजा भाऊ दोगंबी चोर हायेत."
काकूनंही पाळला. तिला माझ्या आजोळाबद्दल जे वाटतं ते इथं लिहिता येणार नाही. मग आई आत गेली, ट्रंकेतून ती साडी काढली, बारा वर्षं घडीही मोडली नव्हती, आणि काकूच्या अंगावर फेकली. ताट उलटलं. तिळगूळ कोंबड्यांनी खाल्ला.
भावना बाहेर पडणं चांगलं असतं. संवाद थेट झाला. तांत्रिकदृष्ट्या यशस्वी.

१९ जानेवारी
चूल वेगळी झाली. अंगणाच्या मधोमध विटांची ओळ. अण्णा आणि नानाकाका देवळाच्या पायरीवर बसून असतात, मी गेलो की उठतात. उठताना अण्णा म्हणाले, "करायला गेला गनपती, झाला मारुती."
चंद्री कुणाची, हे ठरेना. आई काकूला नेऊ देईना, काकू आईला. शेवटी घोडेगावच्या बाजारात विकली. नानाकाका नुसतं दावं घेऊन परत आले. म्हैस विका असं मी म्हणालो नव्हतो, तरी सगळे बघतात माझ्याकडेच. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

२३ जानेवारी
रिपोर्ट लवकर पाठवला, छाप पडावी म्हणून. मॅडमचा फोन. म्हणाल्या, "तुम्हाला एक कुटुंब बघायला सांगितलं होतं. तुम्ही त्याची दोन करून ठेवलीत." केस स्टडी पुन्हा, पुढच्या सेमिस्टरला. अल्मासची वर्गात वाचून दाखवणार म्हणे. ह्या खात्यात प्रॅक्टिकल काम करणाऱ्याला किंमत नाही.

२७ जानेवारी
घरात दोन्हीकडून कुणी बोलवत नाही, म्हणून अंगणात रिकाम्या खुंट्याशेजारी बाज टाकून बसलो होतो. आई दारात आली. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली की उद्या लाईट दुपारी हाय. बरं झालं, एवढ्या दिवसांनी बोलली. मी म्हणालो, मला दळण नाही.
"तुला कोन बोललं?"
तेवढ्यात विटांच्या पलीकडून काकू, तीही माझ्याकडंच बघत, म्हणाली की कुनाचं पीठ सपलं असलं तर आमच्यातलं न्यावं. आईनं माझ्याकडं बघून मान हलवली आणि पातेलं आणायला आत गेली.
मी आत जायला उठलो. दोघी एकदमच म्हणाल्या, "बस तितंच."
बसलो. थोड्या वेळानं आईनं चहा आणून दिला. कोरा. काकूनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मलाच सांगितलं, "चंद्री बरी हुती. दूद तरी द्यायची."
आई हसली. काकूच्या बोलण्यावर आई हसली, बारा वर्षांत पहिल्यांदा.
मी चहा प्यायलो.