कुंडलिकेतली सर्ववयीन सहल

२ फेब्रुवारी १९९७, रविवार

सोसायटीच्या मीटिंगमध्ये करमणूक समितीचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड. म्हणजे सेक्रेटरी गुणाजीने विचारलं, कोण करणार? सगळे खाली बघायला लागले. मी वर बघत होतो.

योग्य निवड. धाटावच्या कंपनीत बावीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर होतो. रिटायर होऊन तीन महिने झाले. एवढं डोकं नुसतं पंख्याखाली ठेवणं बरं नव्हे.

संकल्प: आमच्या तीन बिल्डिंगांतला प्रत्येक माणूस, वय चार ते ऐंशी, महिन्याभरात हसता-खेळता झाला पाहिजे.

घरी बायकोला, शांतीला सांगितलं. म्हणाली, आधी आपल्या घरातल्या एकापासून सुरुवात करा. स्वतःबद्दल म्हणाली असावी.

५ फेब्रुवारी

अठ्ठेचाळीस घरांत फॉर्म वाटले. ‘आपणांस कोणती करमणूक आवडेल?’ नऊ परत आले. चार कोरे. एकावर ‘झोप’. एकावर किराण्याची यादी.

तळमजल्यावरच्या धोंडुबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवला. वय शहात्तर. कोलाडकडच्या गावातून लेकाकडे राहायला आल्यात. म्हणाल्या, “मानसा जवल बसून चार शब्द बोलली तरी मला पुरे हाय.” फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. ‘इतर’वर खूण केली.

एकूण प्रतिसाद उत्तम.

८ फेब्रुवारी, शनिवार

स. ८. योगासनं. पटांगणात उभं राहून शिट्टी वाजवली. नाइट शिफ्ट करून नुकतेच झोपलेले सहा जण गॅलरीत आले. योगासनांसाठी नव्हे.

सं. ५. ज्येष्ठांचं भजन आणि मुलांचं क्रिकेट. जागा एकच, वेळही एकच. पिढ्या जवळ याव्यात हा हेतू. जवळ आल्या. मृदंग फुटला.

गुणाजी म्हणाला, लोक सह्या गोळा करतायत. अभिनंदनाची इतकी घाई नको होती.

१२ फेब्रुवारी

कल्पना सुचली! पटांगण लहान आहे, हीच मूळ अडचण. पण कुंडलिका आहे ना. घाटाच्या जरा वर नदीत मोठा सपाट कातळ आहे. सकाळी घोटाभर पाण्यातून चालत जाता येतं. रविवार २३ ला सर्ववयीन सहल. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची (खुर्च्यांशिवाय), शेवटी रस्सीखेच.

दुसऱ्या मजल्यावरचे मन्सूरभाई जिन्यात भेटले. चौदा वर्षं मस्कतला बंदरावर काम करून आता कायमचे परत आलेत. ते म्हणाले, “हैबतराव, जागा चांगली हाय. पण वरच्या धरणातनं पाणी सोडलं की तिथं चढतं. रोजची वेळ सारखी नसते. आदल्या दिवशी विचारून घ्या.”

मी म्हटलं, सेफ्टी मला शिकवू नका. हसून म्हटलं. ते हसले नाहीत.

वहीत लिहून ठेवलं: पाण्याची वेळ — विचारणे.

ता. क. मला पोहता येत नाही याचा इथे काही संबंध नाही. पाय जमिनीवर असावेत हे माझं पहिल्यापासूनचं तत्त्व आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

रस्सीखेचीचा दोर आणायला पेणला गेलो. इथेही मिळाला असता, पण प्रमुखाने स्वतः पारखून घ्यावा. येताना एस.टी. गच्च. वडखळपासून गडबपर्यंत दोराचं वेटोळं मांडीवर, त्यावर कुणाची तरी कोंबडी. तोंडून शब्द काढला नाही. नेतृत्व म्हणजे हेच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तेवीस नावं आली. सर्वांत लहान पाच वर्षांची, सर्वांत मोठ्या धोंडुबाई. दहा-दहा मिनिटांचं वेळापत्रक केलं. मन्सूरभाई सकाळी गडबला लग्नाला जाणार, तिथून परस्पर नदीवर येतील. त्यांची बायको मुनीरा येणार आहे.

जेवताना शांतीने विचारलं, पाण्याची वेळ विचारलीत का? मी हो म्हटलं. म्हणजे विचारणार आहे, या अर्थाने. पण संध्याकाळ तक्ता रंगवण्यात गेली. शिवाय एक दिवस पाणी आलंच, तर ते नेमकं माझ्याच कार्यक्रमाला कशाला येईल?

छातीत थोडं धडधडतंय. उत्साह.

२३ फेब्रुवारी, रविवार, दु. ४

अजून जेवलो नाही. तरी क्रमाने लिहितो.

नऊला सगळे कातळावर. पाणी घोटाभर. ऊन कोवळं. लिंबू-चमच्यात वाद झाला, चाळीस मिनिटं गेली. तरी लोक हसत होते. खरंच हसत होते. शांतीसुद्धा. मी तिच्याकडे बघून मान हलवली, की बघ.

साडेअकराला मुनीरा म्हणाली, “पाण्याचा आवाज बदललाय.” मी म्हटलं, वारा असेल. धोंडुबाई उठून कडेला गेल्या. मघाशी त्यांनी तिथे एक दगड ठेवला होता. तो दिसेना. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पोरांना काढ आता.”

मी वेळापत्रक पाहिलं. रस्सीखेच बाकी होती. ‘दहा मिनिटं’ असं मी म्हणालो. हे मी म्हणालो, हे लिहून ठेवतो.

दहा मिनिटांत काठ आणि कातळ यांच्यामध्ये गुडघाभर पाणी. मग मांडीपर्यंत. गढूळ नाही, खळाळ नाही, नुसतं गुपचूप वाढणारं. कुणीतरी मला विचारलं, हैबतराव, किती चढणार? मी शिट्टी वाजवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिट्टीनंतर काय म्हणायचं ते मला सुचेना. म्हणून पुन्हा वाजवली.

धोंडुबाई म्हणाल्या, “शिटी नको. दोर दे.”

तेवढ्यात काठावर मन्सूरभाई. लग्नाचे नवे कपडे. बूटसुद्धा काढले नाहीत, तसेच पाण्यात शिरले. गुणाजीने दोर फेकला. त्यांनी एक टोक काठावरच्या करंजाला बांधलं, दुसरं आम्ही कातळाच्या सुळक्याला. गुणाजी आणि इतर दोघांनी मुलांना खांद्यावर घेतलं. मग बायका. धोंडुबाई कडेला उभं राहून एकेकाला सोडत होत्या. “पान्याकडं बगू नको गो. झाडाकडं बग. पाय घसटत ने.”

शांतीची पाळी आली. तिने माझ्यापुढे हात केला. “चला, दोघं जाऊ.”

मी म्हटलं, तू हो पुढे, मला यादी तपासायची आहे.

ती एकटी उतरली. मध्यावर तिचा पाय घसरला. पाणी छातीपर्यंत, एक हात दोरावर, दुसरा वर. मन्सूरभाईंनी जाऊन दंडाला धरलं. मी कातळावर होतो. हातात यादी होती. तिचं नाव यादीत चौथं आहे.

सगळे गेले. उरलो धोंडुबाई आणि मी. प्रमुखाने शेवटी उतरायचं असतं, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “व्हय. पन उतरायचा असतं.” माझं मनगट धरलं. शहात्तर वर्षांची बाई. मी डोळे मिटले होते. त्या सारख्या बोलत होत्या, मी लहान असल्यासारख्या. काय बोलत होत्या आठवत नाही.

काठावर गुणाजीने मोजलं. तेवीस आणि मी.

२४ फेब्रुवारी

गुणाजीला लेखी रिपोर्ट दिला. ठळक मुद्दे: १) एकालाही इजा नाही (एक गुडघा वगळता). २) दोराची निवड अचूक. ३) आपत्कालीन सराव यशस्वी.

गुडघा शांतीचा. ती पट्टी स्वतःच बदलते. काल संध्याकाळपासून एकच वाक्य बोलली: “तुम्ही हो म्हणालात.”

२७ फेब्रुवारी

मीटिंग. एवढी गर्दी मी प्रमुख झालो तेव्हा नव्हती. ओरडतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. कुणी ओरडलं नाही. गुणाजी म्हणाला, “हैबतराव, तुमच्यावर राग नाय कुणाचा. पण पोरं आता तुमच्या हाती द्यायची नायत.” समिती बरखास्त. मी आभार मानले. कुणाचे ते सांगता आलं नाही.

मी राजीनामा देणारच होतो.

५ मार्च

आठवडाभर गॅलरीतून बघतोय. संध्याकाळी धोंडुबाईंच्या पायरीवर माणसं जमतात. पहिल्या दिवशी चौघं. आज तीस तरी असतील. लहान पोरं, शिफ्टवरून आलेले, म्हातारे. नदी उतरून भाताचे भारे कसे आणायचे ते त्या सांगतात. मन्सूरभाईंनी सकाळचा पोहण्याचा वर्ग काढलाय, घाटाशी, उथळ पाण्यात. मुनीरा रोज आधी पाण्याची वेळ विचारून फळ्यावर लिहिते.

ना फॉर्म, ना वेळापत्रक. तरी चाललंय. माझ्याच फॉर्मचा उशिरा झालेला परिणाम असावा.

शांती दोन्हीकडे जाते.

६ मार्च

सकाळी चहा देताना शांतीला सांगितलं. पाण्याची वेळ मी विचारलीच नव्हती. आणि यादी तपासायची नव्हती. भीती वाटली.

ती म्हणाली, “माहीत होतं.”

मग इतके दिवस गप्प का?

“तुम्ही आपणहून सांगता का, ते बघत होते.”

चहा निवला होता. तिने परत गरम करून आणला.

८ मार्च, शनिवार

पोहण्याच्या वर्गात नाव दिलं. मन्सूरभाईंना म्हटलं, निरीक्षक म्हणून येतो. मुनीराने ‘नवशिके’ या यादीत लिहिलं. वयोगट पाच ते सात शेजारीच आहे. महिन्याभरात नदी आरपार पोहायची. संकल्प पक्का.

९ मार्च, रविवार

पाण्यात उतरलो. शांती रबरी ट्यूब धरून चार हात पुढे गेली. मग ट्यूब सोडून दोन हात. वळून हसली. मला इतका आनंद झाला की दोन्ही हात वर करून तिला हाक मारली.

लोकांना वाटलं मी बुडतोय. मन्सूरभाई धावत आले, गुणाजीने उडी टाकली, धोंडुबाईंनी घाटावरून माझी कॉलर धरली.

पाणी घोट्यापर्यंत होतं.