बॉयलरची बॅटरी

नॉर्माँ,

बर्फाच्या भाराने तारा तुटल्या, तीन दिवस वीज नव्हती. जनरेटर सुरूच झाला नाही; त्यातलं जुनं पेट्रोल उन्हाळ्याआधी काढतो म्हणाला होतास. मग घर तापवणारा बॉयलर मी बॅटरीवर चालवला. ती संपत आली तेव्हा बॉयलर बंद केला आणि उरलेल्या चार्जवर फोन जागा ठेवला. म्हटलं, खाणीवरून तू करशीलच. एकदाच वाजला. शेजारच्या तिबोबाई होत्या. म्हणाल्या, "अगं वेडे, गारठून मरशील, आमच्या शेगडीपाशी ये."

आज वीज आली. नळ गोठून फुटले नाहीत, शाबूत आहेत. वाटाण्याचं सूप फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे. मी बहिणीकडे जातेय. बॅटरी पुन्हा भरून ठेवलीय. वीज गेली तर बॉयलरलाच लाव, फोनसाठी राखू नकोस. मी फोन करणार नाही.

गिस्लेन