तोंडापुढचा माईक

शांघाय, ऑक्टोबर १९९४

अम्मीस इक्बालचा सलाम,

आम्ही दोघं खुशाल आहोत. अब्बांच्या गोळ्या चालू आहेत. ग्रुपसोबत आपल्याकडचा आचारी आहे, म्हणून जेवणाची फिकीर करू नकोस. जोहराचा ताप उतरला का?

आपल्या कापड कारखान्यासाठी नव्या लूम बघून झाल्या. आज ग्रुपला बसने शहर फिरवलं, नदीकाठ, बाग, रेशमाचा बाजार. गाइड मुलगी हिंदी छान बोलते, फक्त माईक तोंडाला चिकटवून. बागेत तिने सगळ्यांना गेटवर बोलावलं, तर अब्बा एकटेच उलट दिशेने चालू लागले.

मी धावत गेलो तेव्हा ते मागच्या गेटने बाहेर पडून भर रस्त्यात होते. मागून सायकलींचा लोंढा घंट्या वाजवत येत होता आणि अब्बा आरामात चालत होते. हात धरून ओढलं, तर त्यांनी आधी माझ्या ओठांकडे पाहिलं.

आपल्या नारपोलीच्या कारखान्यात लूमच्या आवाजात आम्ही सगळेच ओठ बघून बोलतो. अब्बा घरीही तसंच करतात, हे मला इथे, त्या मुलीचे ओठ माईकमागे गेल्यावर कळलं. मी विचारलं तर म्हणाले, "इथे गर्दीच फार." आल्यावर कानाच्या डॉक्टरकडे नेऊ, घाबरू नकोस.

तू नेहमी म्हणतेस, स्वयंपाकघरातून कितीही हाका मारल्या तरी हा माणूस ओ देत नाही. आज बसमध्ये त्यांनी मला विचारलं, "तुझी अम्मी हल्ली मला हाक का मारत नाही?"

आमच्याआधी हे पत्र पोचलं, तर दारात त्यांच्या समोर उभी राहून हाक मार.

तुझा,
इक्बाल