उकळलेलं मीटर

५ जाने., सोमवार
आलं : दम्यासाठी फुंकायचं मीटर १, रु. ४५०. पंप १, रु. ३१०. पातळ साबणाची लहान बाटली, रु. ४०. रिक्षा केली नाही, चालत आले. वाटेत दोनदा थांबले.
डॉ.नी सांगितलं, रोज सकाळी पंप घ्यायच्या आधी तीनदा जोरात फुंकायचं, मोठा आकडा लिहायचा. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साबण घालून धुवायचं, विसळायचं, झटकून वाऱ्यावर वाळवायचं. आज २३०.
हे गेल्यापासून घरात ‘आज कसं वाटतंय’ म्हणून विचारणारं कुणी नाही. आता हे मीटर विचारेल.

८ जाने.
धाकटी बहीण मंजू कोडोलीहून आली. तासभरच. तिनंही गंमत म्हणून फुंकलं, ३८०. “ताई, मी पास!” नळाखाली विसळून ठेवलं. चारच्या एस.टी.नं गेली. आज दोन कप घासले.

११ जाने.
शेजारच्या शकीलाभाभी आल्या. भिंतीला भिंत, सतरा वर्षं झाली. त्यांचा दमा माझ्याहून जुना. मीटर बघून म्हणाल्या, “ही कसली पिपाणी आणलीसा वैनी?” सांगितलं. “मग मला बी फुकू द्या की. पंप रोज वडतो, खरं आत किती दम हाय काय म्हाईत.” फुंकलं. २१०.
त्या गेल्यावर मीटर हातात घेऊन उभी राहिले. उष्टं. उद्या सकाळी हेच माझ्या तोंडात, आणि मग पूजा. नुसत्या साबणानं मन मानेना. पातेल्यात पाणी उकळलं, अख्खं मीटर दहा मिनिटं आत. पूर्वी डॉक्टर सुयासुद्धा उकळतच की.

१६ जाने., शुक्र.
भाभी आता रोज अकराला येतात. आधी मी फुंकते, मग त्या, मग चहा. त्यांचे आकडे माझ्याच वहीत, मागच्या पानावर. त्या गेल्या की पातेलं.
आज चष्मा विसरला म्हणून भाभी थोड्या वेळानं परत आल्या. गॅसवर पातेलं, पाण्यात मीटर. “अंडी शिजाय घातलीसा काय वैनी?” म्हणून हसल्या. मीपण हसले. खरंच हसल्या, की कळलं त्यांना...
अंबाबाईला गेले होते. गर्दीत दम लागला, बाहेरूनच हात जोडले.

२१ जाने.
दोघींचे आकडे चढताहेत. मी ३२०, भाभी ३००. देवीची कृपा. भाभी खूष. “आता पंप एकच येळ वडतो वैनी. गडहिंग्लजला शबानाच्या सासरी लगीन हाय. जाऊ का नको म्हणत हुतो, आता जातो.” शबाना म्हणजे त्यांची मुलगी. मी म्हटलं, जा बिनधास्त, काटा हिरव्या पट्टीत आहे, म्हणजे धोका नाही.
मीच म्हटलं.

२५ जाने.
भाभी गेल्या. अकराला चहा ठेवला, सवयीनं दोन कपांचा. दुसरा झाकून ठेवला, दुपारी गार प्यायले.
आकडा ३३०. पण जिना चढताना धाप पहिल्यासारखीच. असं कसं

२९ जाने.
शबानाचा फोन. लग्नघरात भाभींना जोराचा अटॅक आला, दवाखान्यात ठेवलंय. ऑक्सिजन. “मावशी, अम्मी म्हणत हुती आकडा लई चांगला हाय. मग असं कसं झालं वो?” फोन ठेवला. देवापुढं दिवा लावून बसले. जपाचे आकडे चुकत होते.

३० जाने., शुक्र.
मीटर घेऊन डॉ.कडे गेले. त्यांच्या मीटरवर मी २३०. लगेच माझ्या मीटरवर फुंकलं, ३३०. “काय केलंत याचं?” उकळलं, म्हटलं. रोज. डॉ. रागावले नाहीत, रागावते तर बरं झालं असतं. उकळत्या पाण्यानं प्लॅस्टिक वाकतं, काटा सैल होतो, थोडं फुंकलं तरी पुढं पळतो, म्हणाले. आणि घरचं मीटर एकाच माणसाचं असतं. “पण रोज का उकळत होता?” स्वच्छतेसाठी, म्हटलं.
तिथल्या बाकावरूनच शबानाला फोन केला. ते आकडे सगळे खोटे, तुमच्या डॉक्टरांना आत्ता सांग. “बरं केलासा मावशी, लगेच सांगतो. पण ते बिघडलं कसं म्हणायचं?”
“हातातून पडलं गं.”
शुक्रवारचा उपास आणि तोंडात हे.

३ फेब्रु.
भाभींना मुलीच्या घरी आणलंय, बऱ्या आहेत. फोन केला. शबाना म्हणाली, “अम्मी झोपल्यात.” कालही झोपल्या होत्या. परवाही. आता इकडंच ठेवून घेणार म्हणते, तिकडं एकटीला नको.
भिंतीपलीकडं काही वाजत नाही. भिंतीतून त्यांचा खोकला तरी ऐकू यायचा.
भांडी घासताना एकदम आठवलं. मंजूनं फुंकलं तेव्हा मी नुसतं विसळलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच तोंडात धरलं, पूजा केली. मनात काही आलं नाही. मंजूचं उष्टं चाललं.
हात तसाच फेसात राहिला.

६ फेब्रु., शुक्र.
फोन नेहमी शबानाच उचलते, हे तिच्यापाशी बोलायचं नाही. भाभी मराठी शाळेत पाचवीपर्यंत शिकल्यात, वाचतात. अंतर्देशीय पत्र आणलं. चारदा लिहून खोडलं. पक्कं केलं ते इथं उतरवून ठेवते.

“शकीलाभाभींस नमस्कार. तब्येतीला जपा, पंप दोन्ही वेळ घ्या.
मीटर माझ्या हातातून पडलं नाही. शबानाला मी खोटं सांगितलं. तुम्ही फुंकून गेलात की मी ते रोज उकळत होते, त्यानं ते बिघडलं. त्याच आकड्यावर तुम्हाला जा म्हटलं. तुमच्या जिवावर बेतलं ते माझ्यामुळं.
स्वच्छतेसाठी उकळलं असं डॉक्टरांना सांगितलं. तेही खरं नाही. माझ्या बहिणीनं फुंकलं तेव्हा मी उकळलं नव्हतं. यापुढं काय लिहू, तुम्हाला कळेल.
शबाना म्हणते तुम्ही तिकडंच राहणार. दम्यासाठी राहत असाल तर राहा, लेकीजवळ सुखात राहाल. पण माझ्यामुळं येत नसाल तर तसं स्पष्ट लिहा. वाईट लिहिलंत तरी चालेल, मी वाचीन. दुसऱ्या कुणाकडून निरोप नको. तुमच्या हातच्या दोन ओळी उलट टपाली पाठवा.”